हेलाचं पान

माझ्या आईनं मरताना माझ्याकडून एकच वचन घेतलं. कोल्हापूरच्या दवाखान्यात खाटेवर उठून बसली, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "मंदे, पितरांत माझं पान वाढ, तुझ्या बापाचं वाढ. हेलाचं वाढायचं न्हाई. हेला मेली न्हाई."

हेला म्हणजे आईची धाकटी बहीण, माझी मावशी. तिला आईनं शेवटचं पाहिलं तेव्हा आई दहा वर्षांची होती आणि हेला सहा. त्यानंतर साठ वर्षं आई तिची वाट पाहत राहिली. वचन मोडायचं की पाळायचं हा प्रश्न माझ्यापुढे आला तेव्हा मी शहात्तर वर्षांची होते आणि कुवेतला सबाह अल-सालेममध्ये मुलाकडे राहत होते.

आईचं नाव झोफिया. कोल्हापुरात सगळे तिला सोफीवहिनी म्हणत. ती जन्मली तो प्रांत आता कुठल्याच नकाशात तसा सापडत नाही. वोलिन त्याचं नाव. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड नव्यानं उभा राहिला तेव्हा तो प्रांत आखला गेला, आणि दुसरं महायुद्ध सुरू होताच मोडला. पुरती वीस वर्षंही चालला नाही. वूत्स्क हे त्याचं मुख्य शहर, ते आता युक्रेनमध्ये आहे. प्रांत पोलंडचा, पण दर तीन माणसांत दोन युक्रेनियन. बाकी पोलिश, ज्यू, थोडे जर्मन, थोडे चेक. माझे आजोबा पोलिश फौजेत लढलेले, म्हणून सरकारनं त्यांना तिथं जमीन दिली. आई हे सांगताना काही झाकत नसे. ती म्हणायची, त्या जमिनीवर आधी गावातल्या युक्रेनियनांची गुरं चरायची. आमचा बाप बंदूक घेऊन आला आणि कुंपण घातलं. ती माणसं आम्हाला नमस्कार करायची आणि पाठ वळली की थुंकायची.

१९३९च्या सप्टेंबरात पूर्वेकडून रशियन फौज आली. पुढच्या फेब्रुवारीत, बर्फ गुडघाभर असताना, पहाटे बंदुकीच्या दस्त्यांनी दार फोडलं गेलं. आजोबांना भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसवलं. त्यांनी काहीतरी विचारलं, तर एका सैनिकानं दस्ता जबड्यावर मारला. आई सांगायची, दात पडल्याचा आवाज तिनं ऐकला, कारण घरात तेव्हा दुसरा कसलाच आवाज नव्हता. आजीला सामान बांधायला सांगितलं. मग सैनिकानं विचारलं, दुसरी मुलगी कुठं आहे? हेला त्या आठवड्यात डांग्या खोकल्यानं आजारी होती, म्हणून तिला शेजारच्या ओल्शिना गावी माझ्या पणजीकडे, आजीच्या आईकडे, ठेवलं होतं. पणजी सुईण होती, तिला औषधपाणी कळायचं. आजी सैनिकाच्या डोळ्यांत बघून म्हणाली, ती शरदात मेली.

आपण लेकीला वाचवलं असं आजीला वाटलं.

बाकीच्यांना गुरांच्या डब्यात कोंडून सायबेरियाकडे नेलं. आईचा तान्हा भाऊ वाटेत गारठून मेला. पहारेकऱ्यानं ते बोचकं आजीच्या हातातून हिसकावलं आणि चालत्या गाडीतून बर्फात फेकलं. आजी त्याच्यामागे उडी मारू लागली तेव्हा आजोबांनी तिला केसांना धरून आत ओढलं. पुढे सुटका होऊन दक्षिणेकडे निघाले तेव्हा आजोबा उझबेकिस्तानात तापानं गेले, आजी इराणमध्ये गेली. आई एकटी उरली आणि अनाथ मुलांच्या जहाजातून हिंदुस्थानात आली, वळिवड्याच्या छावणीत. कोल्हापूरजवळ पाच हजार पोलिश माणसं तिथं राहत होती. पुढे ती माणसं गेल्यावर त्याच बराकींत सिंधी आले.

१९४३च्या अखेरीस एका रविवारी छावणीतल्या प्रार्थनेच्या वेळी पाद्र्यानं वोलिनमधल्या जाळलेल्या गावांची नावं वाचली. रशियन गेले होते, जर्मन आले होते, ज्यू तर आधीच मारून टाकले होते, आणि आता युक्रेनियन टोळ्या पोलिश गावं पुसत होत्या. कुऱ्हाडी, विळे, गवत उचलायचे काटे, शेतातलं जे हाताला लागेल ते. नंतर काही ठिकाणी पोलिशांनीही युक्रेनियन गावं तशीच जाळली. त्या नावांत ओल्शिना होतं. आई उभी राहून म्हणाली, "हेला फार जोरात पळते." पाद्र्यानं तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. बायकांनी तिला धरून बाहेर नेलं, तेव्हा तिनं एकीच्या हाताला चावा घेतला.

छावणी उठली तेव्हा सगळे इंग्लंडला, कुठे कुठे गेले. आई गेली नाही. छावणीच्या दवाखान्यातले कंपाउंडर लक्ष्मीकांत, माझे वडील, यांच्याशी तिनं लग्न केलं. ती नऊवारी नेसली, भाकरी थापायला शिकली, शिव्याही कोल्हापुरी द्यायला शिकली. पण हेलाबद्दल कुणी भूतकाळात बोललेलं तिला खपत नसे.

वडील धार्मिक होते आणि मायाळू होते. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याचं क्रियाकर्म करता येतं, पळसाच्या पानांचा माणूस बनवून त्याला अग्नी द्यायचा, असं आपल्याकडे शास्त्र आहे. आईच्या जिवाचा घोर सुटेल म्हणून त्यांनी तिला न सांगता भटजींना बोलावलं. मी सात-आठ वर्षांची असेन. परसात पळसाच्या पानांची, दर्भानं बांधलेली लहान बाहुली पाटावर निजवली होती. आई मंडईतून आली. तिनं बाहुली पाहिली, भटजींना पाहिलं. बंबाशेजारची लाकडं फोडायची कुऱ्हाड तिनं उचलली.

पहिला घाव बाहुलीवर पडला, पाटाचे दोन तुकडे झाले. दुसरा मोडक्या पाटावर. भटजी पोथी वाचवायला पुढे वाकले आणि तिसरा घाव त्यांच्या हाताला चाटून गेला. कोपरापासून मनगटापर्यंत कातडं सोललं. वडिलांनी तिला मागून मिठी मारली तर तिनं डोकं मागे आपटून त्यांचं नाक फोडलं. रांगोळी सगळी लाल झाली होती. आणि आई ओरडत नव्हती, अगदी हळू बोलत होती. "मेलेल्यांना पाणी द्या. जित्यांना कशाला जाळता?" ती म्हणत होती, ओल्शिनातल्या कुणीतरी पोरीला लपवलं असेल. पणजीनं त्या गावातली निम्मी पोरं आपल्या हातांनी जन्माला घातली होती. एक तरी दार उघडलं असेल.

भटजींच्या हाताला टाके वडिलांनीच घातले. त्या घरात पुन्हा कुणी हेलाच्या श्राद्धाचं नाव काढलं नाही.

माझा मुलगा धैर्यशील आठ वर्षांचा असताना आजोळी गेला होता. तो कोयता घेऊन केळीचे खुंट तोडण्याचा खेळ खेळत होता. प्रत्येक खुंटाला एक नाव देऊन तो तोडायचा. आईनं ते पाहिलं आणि त्याला उलथन्यानं इतकं मारलं की त्याचा हात मोडला. मग रात्रभर त्याला मांडीवर घेऊन पोलिशमध्ये काहीतरी पुटपुटत बसली. धैर्य आता एकावन्न वर्षांचा आहे, इथल्या एका कंपनीचे हिशेब बघतो. वोलिन हा शब्द घरात निघाला की तो उठून जातो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये वळिवड्याच्या जुन्या रहिवाशांच्या संघटनेकडून फोन आला. ओल्शिनाच्या बाहेर एका शेताच्या बांधाखाली हाडांनी भरलेला खड्डा सापडला होता. तिथल्या एका म्हाताऱ्या माणसानं जागा दाखवली होती. पोलंडहून आलेले तज्ज्ञ एकेक सांगाडा वेगळा करत होते, पण नाव द्यायला रक्ताचं माणूस हवं होतं. आईकडून लेकीकडे जी खूण उतरते ती माझ्यात होती. त्या घराण्यातलं दुसरं कुणी जगात राहिलं नव्हतं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून पाठवायची, एवढंच काम होतं.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. धैर्यनं ते जेवणाच्या टेबलावर पाहिलं.

"आई, हे करायचं नाही," तो म्हणाला.

मी म्हटलं, का नाही.

"जुळलं तर ते लोक तुला सांगणार, नऊ वर्षांच्या पोरीला कशानं मारलं. नाही जुळलं तर तू आजीसारखी वाट बघत बसणार. दोन्हीतून तुला काय मिळणार आहे?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शिवाय मी आईला शब्द दिला होता. एकदा नाव लागलं की हेला मेली, आणि ती मेली हे सांगणारी मी. चारुता, माझी सून, बँकेतून दमून आली होती. ती म्हणाली, आईंना ठरवू दे ना. धैर्य तिच्यावर खेकसला आणि पाकीट उचलून कचऱ्याच्या डब्याकडे निघाला.

"ती बाई वेडी होती, आई. वेड्या बाईचं वेड आणखी किती पिढ्या?"

मी त्याच्या मुस्काटात मारली. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या. चष्मा उडून सिंकमध्ये पडला, त्याच्या ओठातून रक्त आलं. माझी अंगठी लागली असावी. त्यानं ओठ पुसला, बोटांकडे पाहिलं. "झालं," म्हणाला. "तिचाच हात आहे हा." पाकीट टेबलावर ठेवून तो खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी मी खाली लुबनाकडे गेले. हे घर तिचंच. खालच्या मजल्यावर ती राहते, वरचे दोन भाड्यानं दिलेत. साठीची विधवा बाई, गुडघ्यांनी बेजार. लहानपणी बापाबरोबर मुंबईला येऊन राहिलेली, त्यामुळे मोडकं हिंदी बोलते. मला धैर्यची आई म्हणून उम्म धैर्य म्हणते. पाकीट तिच्यापुढे ठेवून मी सगळं सांगितलं. तिनं ते उघडूनही पाहिलं नाही. ती ओळखत होती.

तिचा मोठा भाऊ झैद. १९९०मध्ये इराकनं कुवेत गिळून आपला एक प्रांत म्हणून जाहीर केलं, पाट्या बदलल्या, गाड्यांचे नंबर बदलले. तेव्हा झैद आणि त्याचे मित्र रात्री गल्ल्यांच्या पाट्या काढून टाकायचे, म्हणजे फौजेला घरं सापडू नयेत. ऑक्टोबरात तो पकडला गेला. त्याला याच फाटकात आणलं, घरच्यांना बाहेर बोलावलं. फाटकाच्या दगडी उंबऱ्यावर त्याचं तोंड उघडं ठेवलं आणि डोक्यावर बूट मारला. मग त्याच्या आईला विचारलं, याचे मित्र कोण? आईनं सांगितलं नाही. पुन्हा बूट. लुबना म्हणाली, आई ती नावं जाणत होती, सगळी पोरं तिच्या स्वयंपाकघरात जेवलेली. तिनं एकही सांगितलं नाही आणि त्यांनी झैदला गाडीच्या डिकीत टाकून नेलं. तो हात हलवत होता, एवढंच त्यांनी पाहिलं.

त्याची आई पुढे वीस वर्षं जगली. रमजानात रोज त्याची ताटली मांडायची. ती गेल्यावर लुबनानं मांडली. चार-पाच वर्षांपूर्वी इराकच्या वाळवंटातल्या एका खड्ड्यातून हाडं आली, लुबनाच्या रक्ताशी जुळली. कवटीला मागून भोक होतं.

मी विचारलं, कळल्यावर बरं वाटलं का?

"नाही," ती म्हणाली. "लोक सांगतात मन शांत होतं. खोटं सांगतात. मला त्या दिवशी कुणालातरी मारावंसं वाटलं, अजून वाटतं. पण उम्म धैर्य, तोवर तो रोज नव्यानं डिकीत पडत होता. रोज सकाळी. आता तो एकदाच मेलाय."

मी तिथंच, तिच्या सोफ्यावर बसून काडी गालातून फिरवली. तिनं वेळ लावून दिली, पाकिटाची कड चिकटवली, आणि तिच्या ड्रायव्हरनं ते कुरियरला नेलं. धैर्यला मी संध्याकाळी सांगितलं. त्याचा ओठ अजून सुजलेला होता.

मग वाट पाहणं. जूनमध्ये आखातावरून क्षेपणास्त्रं गेली, विमानं थांबली, चारुतानं जमियातून, इथल्या सहकारी दुकानातून, पाण्याचे खोके आणि तांदूळ आणून ठेवले. माझं सगळं लक्ष ओल्शिनाकडे. तिथंही युद्धच चालू होतं. हाडं उकरणाऱ्यांना भोंगा वाजला की खड्ड्यातच बसावं लागायचं, असं कळलं. गंमत बघा, मला भीती वाटली ती हाडांसाठी. पुन्हा कुणी त्यांच्यावर काही टाकेल म्हणून.

ऑगस्टच्या शेवटी उत्तर आलं. तिकडच्या संशोधक मुलीनं आधी विचारलं, तुमच्याजवळ कुणी आहे का? मी आहे म्हटलं. धैर्य दारात उभा होता. मग आत येऊन माझ्या खुर्चीमागे थांबला.

खड्ड्यातल्या दोघी माझ्या रक्ताच्या निघाल्या. एक म्हातारी बाई आणि एक साधारण नऊ वर्षांची मुलगी. म्हातारी खालच्या थरात होती, गावातल्या इतरांबरोबर. मुलगी सगळ्यांच्या वर, कडेला. तिच्या दोन्ही हातांच्या हाडांवर धारदार शस्त्राच्या खुणा होत्या. "तिनं हात वर धरले होते," ती संशोधक हळू इंग्रजीत म्हणाली. धैर्यचा हात माझ्या खांद्यावर आला. मी विचारलं, ती वर का होती? मग तिनं सगळं सांगितलं.

जागा दाखवणारा म्हातारा युक्रेनियन आहे. तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा होता. त्यानं सांगितलं की टोळी आली त्या दिवशी हेला राईच्या शेतातून पळत त्याच्या अंगणात आली. त्याच्या आईचं नाव पारास्का. पणजीनंच तिची बाळंतपणं केली होती. पारास्कानं हेलाला बटाटे साठवायच्या खड्ड्यात लपवलं, वर पेंढा टाकला. दोन-तीन दिवस पोर तिथं होती. रात्री पारास्का तिला दूध द्यायची. मग कुणीतरी चुगली केली. टोळीतली माणसं ओळखीचीच होती, पारास्काच्या नवऱ्याच्या नात्यातली. त्यांनी पोरीला केसांना धरून बाहेर काढलं. पारास्का आडवी आली, तिनं पोरीला पदराखाली घेतलं. पोलिश पोर लपवली म्हणून त्यांनी आधी पारास्काला मारलं, तिच्या मुलांसमोर, कुऱ्हाडीनं, आणि मग हेलाला. दोघींना ओढत नेऊन बांधाखालच्या त्याच खड्ड्यात टाकलं. म्हणून त्या दोघी वर सापडल्या, शेजारी शेजारी. त्या म्हाताऱ्यानं ऐंशी वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. गावात मारणाऱ्यांची नातवंडं राहतात.

एक दार उघडलं होतं. आई म्हणत होती ते खरं होतं.

फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसून राहिले. धैर्य पाणी घेऊन आला. मला पाणी नको होतं. मला आमच्या परसातली ती कुऱ्हाड हवी होती आणि समोर कुणीतरी हवं होतं. समोर कुणीच नव्हतं. त्यातला एकही आता जिवंत नसेल.

पितृपक्ष लागला. आमच्याकडे सर्वपित्रीला सगळ्यांची पानं होतात, पण जे शस्त्रानं, घातानं गेले त्यांचा दिवस आदली चतुर्दशी. त्या वर्षी ती शनिवारी आली. मी धैर्यला म्हटलं, मला खैतानच्या केरळी दुकानातून केळीची पानं आणून दे. त्यानं किती ते विचारलं. मी तीन म्हटलं.

"तीन कुणाची?"

"पणजीचं, हेलाचं आणि पारास्काचं."

"त्या बाईचे लोक करतील की तिचं."

"करतील. आपणही करायचं."

तो गेला आणि एक जुडीच घेऊन आला. मी सकाळपासून ओट्यापाशी होते. भात, वरण, खीर, भाजी, वडे. त्या लोकांना काय आवडायचं मला ठाऊक नव्हतं, म्हणून बटाटे केले आणि वाटीत दूध ठेवलं. धैर्य अंघोळ करून सोवळ्यात बसला. त्यानं कधी तर्पण केलं नव्हतं. नवरा गेल्यावर भटजी आणून उरकलं होतं. आता त्यानं मोबाइलवर लिहून घेतलं होतं, चष्मा वर-खाली करत वाचत होता. गोत्रापाशी अडला. ज्यांचं गोत्र माहीत नाही त्यांचं काश्यप धरायचं, मी सांगितलं. त्यानं तिघींना काश्यप गोत्राच्या केलं आणि तिघींची नावं घेतली. हेलाच्या नावापाशी तो थांबला, खाकरला, पुन्हा पहिल्यापासून म्हणाला.

मी तिच्या पानावर भात वाढला. मनात आईला म्हटलं, मी शब्द मोडला, काय करायचं ते कर. ती असती तर तिनं माझ्या हातावर घाव घातला असता, आणि तो मी घेतला असता.

अक्षरा, माझी नात, दारातून बघत होती. तिनं इंग्रजीत विचारलं, आता कावळ्याची वाट बघायची का? चारुता म्हणाली, इथं कुठले कावळे, गच्चीवर ठेवू. मी पानं उचलायला वाकले तर धैर्य अजून पाटावरच बसलेला.

"आजीचंही वाढ," तो म्हणाला.

मी म्हटलं, तिचा दिवस वेगळा. ती अंथरुणावर गेली, औषधपाणी घेऊन, सत्तर वर्षांची होऊन. आजचा दिवस मारल्या गेलेल्यांचा.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "आजच वाढ."

जुडीत पानं उरली होती. मी चौथं पान धुतलं, पुसलं आणि हेलाच्या पानाला लागून मांडलं.